त्रेसष्ट घरांचे शिक्के

२ ऑक्टोबर, गुरुवार

मिठागर गल्लीतल्या माझ्या शेजाऱ्यांनो! आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. आपण दाराला दोन-दोन कड्या लावतो, मुलगी शिकवणीहून येईपर्यंत खिडकीत उभे राहतो, आणि ज्यानं माणूस मारला त्याला देहदंड सुनावल्यावरही तो वर्षानुवर्षं सरकारी भात खात बसतो. कायदा बोलतो, पण हात उचलत नाही. अशा कायद्याला कोण भिणार?

इथवर लिहिलं आणि मागे उभी राहून सू-चिननं वाचलं.

"अहो, ही रोजनिशी आहे ना? हिलाही भाषणच?"

"मोठ्या कामाची सुरुवात नोंदवून ठेवतोय."

"वहीला उठून जाता येत नाही, म्हणून बिचारीचा छळ."

खरं आहे. चौतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला, निवडणुकीच्या मांडवात दुसऱ्यांसाठी घसा फोडला. स्वतः एकच पद मिळवलं, या गल्लीचं गल्लीप्रमुखपद, तेही दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून. पण आज वस्तीप्रमुख तू साहेब चहाला आले आणि म्हणाले, "वेंग सर, उत्तरेत स्टेशनवर तो सुरामारीचा प्रकार झाल्यापासून लोक खवळलेत. आपण एक निवेदन पाठवू या. ज्यांना देहदंड झालाय त्यांची शिक्षा ताबडतोब अंमलात आणा, म्हणजे इतरांना जरब बसेल. लिहिणार तुम्ही." पंचवीसला समाजमंदिरात सभा, तिथे माझं भाषण. सत्तावीसला ते स्वतः राजधानीत निवेदन घेऊन जाणार.

अडुसष्टाव्या वर्षी अंगात पुन्हा वारं शिरल्यासारखं वाटतंय. रात्रीच्या भातावर सू-चिननं घातलेला डुकराच्या मांसाचा रस्सा आज विशेष चांगला लागला.

४ ऑक्टोबर, शनिवार

निवेदन झालं. एक पान. शेवटचं वाक्य तीनदा बदललं: "या शिक्षा अंमलात आल्या तर पुढचा खुनी आपला हात आवरेल, याबद्दल आम्हा गल्लीवासीयांच्या मनात शंका नाही." तोल बरोबर साधलाय. मोठ्यानं वाचलं तर 'शंका नाही'वर आवाज आपोआप खाली उतरतो.

आता सह्या. दारोदार फिरलो असतो तर आठवडा गेला असता, कारण प्रत्येक घरी चहा घ्यावा लागतो. पण योग असा की महिनाअखेरच्या ज्येष्ठांच्या सणाची भेट घेण्यासाठी घरोघरच्या लोकांनी आपापल्या नावाचे, सहीऐवजी चालणारे शिक्के दर वर्षीप्रमाणे माझ्याकडेच ठेवलेत. रांगेत उभं राहायला नको, मीच पावतीवर मारतो, तांदूळ घरपोच. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्रेसष्ट शिक्के, लाकडी, हाडाचे, दोन-तीन दगडी. नाश्ता झाल्यावर बसलो, घरनंबराच्या क्रमानं एकेक उचलायचा, लाल शाईत बुडवायचा, दाबायचा. दोन पानं भरली. पुढे पुढे हाताला लय आली. नाव वाचायचीही गरज उरली नाही.

सू-चिन मासे साफ करत होती. "विचारलंत?"

"कुणाला?"

"त्रेसष्ट जणांना."

"सू-चिन, या गल्लीत खुन्याच्या बाजूचं कुणी आहे का?"

"शिक्के तांदळासाठी दिलेत त्यांनी."

"विश्वासानं दिलेत. आणि विश्वास काही फक्त तांदळापुरता नसतो."

तिनं पुढचा मासा उचलला. वाक्य चांगलं होतं, भाषणासाठी टिपून ठेवलं. जेवणाआधी काम संपलं. बोटांना शाई लागलीय, लग्नघरातल्यासारखी.

६ ऑक्टोबर, सोमवार. चंद्रोत्सव

सगळी गल्ली रस्त्यावर. दारोदार शेगड्या, मांस भाजल्याचा धूर, पपनसासारख्या पोमेलोच्या साली डोक्यावर घालून पळणारी नातवंडं. खाटीक आ-हाय दरवर्षीप्रमाणे स्वतः भाजत होता आणि दुसऱ्या कुणाला चिमट्याला हात लावू देत नव्हता. "सर, तुम्ही राज्यघटना भाजा, सॉसेज माझ्यावर सोडा!"

पाओ-चू माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसली. मंडईत तिचं लोणच्यांचं दुकान आहे, तिच्या मुळ्याच्या लोणच्याशिवाय माझा सकाळचा पेजेचा वाडगा पुरा होत नाही. तिचा धाकटा भाऊ मिंग-ते चौदा वर्षं तुरुंगात आहे, देहदंडाचा कैदी. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. आमच्या गल्लीचा हा मोठेपणा. पोरगा माझ्या वर्गात होता, शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या वह्यांत बैल काढायचा. चांगले काढायचा.

"सर, काहीतरी मोठं लिहिताय म्हणे?" पाओ-चूनं विचारलं.

"समाजाचं काम गं," मी म्हटलं आणि पोमेलो कसे आलेत यावर विषय नेला. उगाच तिला बोचायला नको. जीभ कधी आवरायची हे कळणं, हेही वक्त्याचं कसब.

तिनं मला पोमेलोची सोललेली फोड दिली. गोड होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तू साहेबांनी निवेदनाची आणि शिक्क्यांच्या पानांची प्रत समाजमंदिराबाहेरच्या फलकावर काचेआड लावली. माझीच सूचना. लोकांनी आपली ताकद डोळ्यांनी पाहिली पाहिजे.

भाषणात एक उणीव आहे. पुस्तकं खूप वाचली. एक विद्वान म्हणतो शिक्षेनं खून घटतात, दुसरा म्हणतो घटत नाहीत, आणि दोघंही तेच तक्ते उलटसुलट धरून वाचतात. आकड्यांनी मांडव पेटत नाही. मला एक माणूस हवा. असा एकच माणूस, ज्याच्या हातात सुरी होती, डोक्यात रक्त होतं, आणि देहदंडाच्या आठवणीनं ज्याची सुरी खाली आली. त्याला व्यासपीठावर उभा करायचा आणि म्हणायचं, बघा! हा जिवंत पुरावा!

सुरुवात आ-हायपासून. भल्या सकाळी, गिऱ्हाईक नसताना.

"आ-हाय, खरं सांग. कधी कुणाला मारावंसं वाटलंय?"

"आज की एकूण?"

"गंमत नको."

त्यानं फरशीवर पाणी मारलं. "मेव्हण्याला. आठ वर्षं झाली. भागीदार असून माझा वजनकाटा खोटा आहे असं गावभर सांगत सुटला होता. इथेच उभा होता, तुम्ही उभे आहात तिथे."

मी एक पाऊल सरकलो. "मग? का नाही मारलंस?"

"मोठी सुरी धार लावायला दिली होती."

"लहान असेल की!"

"लहानीनं कसं मारणार, सर? तिनं चरबी सोलतात." मग जरा विचार करून म्हणाला, "आणि तेवढ्यात वेई बाई आल्या, त्यांना अर्धा किलो बरगड्या हव्या होत्या. तोडून दिल्या. तोवर मेव्हणा गेला."

"गोळी घालतील, देहदंड होईल, असं काही मनात आलं असेल ना?"

"सर, त्या वेळी मला माझं नाव आठवत नव्हतं."

नोंद: आ-हाय व्यासपीठावर चालणार नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज हुकमाचं पान. पेंगदादा! बत्तीस वर्षं तुरुंगात हवालदार होते, आता गच्चीवर शर्यतीची कबुतरं पाळतात. खुन्यांना जवळून पाहिलेला माणूस. त्यांचा शब्द कोण खोडणार?

ते कबुतरांना मका घालत होते. सगळं ऐकून घेतलं. शिट्टी वाजवली, थवा मंदिराच्या कळसावरून वळला.

"मास्तर, आत येताना शिक्षेचं कलम कुणालाच ठाऊक नव्हतं. आत आल्यावर सगळ्यांना तोंडपाठ."

"म्हणजे प्रसार कमी पडतो! तेच मी म्हणतोय!"

"तसं नव्हे हो." त्यांनी एक कबूतर हातात घेतलं, पंख उघडून बघितला. "मी विचारायचो त्यांना. नव्या नोकरीत असताना मलाही तुमच्यासारखी हौस होती. एक म्हणाला, दारू होती. एक म्हणाला, पकडला जाईन असं वाटलंच नव्हतं, नाहीतर केलं असतं का. एकानं तर चक्क आदल्या दिवशीच वर्तमानपत्रात कुणाला गोळी घातल्याची बातमी वाचली होती. मला म्हणाला, ते वाचून वाईट वाटलं त्या माणसाचं."

"पण जे खून न करता घरी राहिले, ते तुमच्याकडे आलेच नाहीत. त्यांची मोजदाद कुठे आहे?"

"ते बरोबर." पेंगदादा हसले. "त्यांना तुम्ही शोधताय ना? सापडला की आणा, मी चहा पाजतो. मला खरंच एकाला बघायचंय."

माणूस चांगला, पण नोकरीनं मऊ झालाय.

परत येताना मन प्रसन्न झालं. पाओ-चू फलकासमोर उभी होती. भाजीची पिशवी हातात, चेहरा काचेला जवळजवळ टेकलेला. मी मंदिराच्या कमानीत थांबून बघत होतो. चांगली दहा मिनिटं ती हलली नाही. मी लिहिलेलं इतकं मन लावून आजवर कुणी वाचलं नसेल. तिच्यासारखीलाही आपल्या गल्लीची एकजूट भिडली, हे बघून बरं वाटलं. हाक मारणार होतो. पण वाचणाऱ्याला मध्येच टोकू नये, ही माझी शिक्षकी सवय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

माणूस अजून मिळालेला नाही. न्हावी म्हणाला, सासऱ्याला मारावंसं वाटलं होतं, पण आई घरात होती. मंदिरातला झाडूवाला म्हणाला, देव बघत होता. दोन जणांनी मलाच विचारलं, की सर, घरी सगळं ठीक आहे ना?

जेवताना सू-चिनला हसत हसत विचारलं. तिनं भात वाढता वाढता सांगितलं, "वाटलंय की. एकदा. जड कढई हातात होती."

"कधी?"

"ज्या वर्षी तुम्ही सलग चार महिने मांडवामांडवांतून हिंडत होतात आणि मी तापात पडले होते. घरी आलात ते सोबत अकरा माणसं घेऊन, आणि म्हणालात, पटकन काहीतरी कर."

"मग कुणावर राग आला होता? त्या अकरांवर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. त्या अकरांवर."

"आणि का नाही मारलंस?"

"कढईत तेल गरम झालं होतं. लसूण जळला असता."

देहदंडाचं नावसुद्धा नाही! बायकांच्या डोक्यात काय असतं कळत नाही. तळलेला लसूण आज नेहमीसारखाच झकास होता.

एक गोष्ट मात्र मनात सारखी येते. मंदिरामागच्या कोपऱ्यावर लोक कचऱ्याची गाडी यायची वाट न बघता पिशव्या टाकायचे. तू साहेबांनी दंडाची पाटी लावली, ढीग तसाच. दंड तिप्पट केला, पाटी लाल रंगानं रंगवली, ढीग वाढला. मग पेंगदादांच्या आईनं तिथे खुर्ची टाकली आणि दिवसभर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली. दोन दिवसांत कोपरा स्वच्छ. म्हातारी कुणाला एक शब्द बोलली नाही. फक्त बघायची. ही गोष्ट माझ्या भाषणाच्या बाजूनं आहे की विरुद्ध, हे अजून ठरत नाही. तूर्त वगळतो.

पाओ-चूचं दुकान दोन दिवस बंद आहे. सर्दी असावी. लोणच्याशिवाय पेज कोरडी वाटते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

हे लिहायला बसलो त्याला तास झाला.

सकाळी पाओ-चू आली. दारातच उभी राहिली. "सर, माझा शिक्का देता का? पोस्टाची नोंदणीची चिठ्ठी यायचीय."

"अगं, आत ये. ज्येष्ठांची भेट झाली की देणारच होतो."

"नको. आत्ताच द्या."

डबा काढला. सत्तावीस नंबर. पिवळ्या लाकडाचा, कडेला टवका उडालेला. तिच्या हातात ठेवला. तिनं उलटा केला. शिक्क्याच्या तोंडाला लाल शाई होती. ओढणीसारखा ॲप्रन पुढे घेऊन तिनं ती पुसायला सुरुवात केली. पुसत राहिली. जीभ लावून बोट ओलं केलं, पुन्हा पुसलं.

मी म्हणालो, "ती शाई अशी नाही निघत गं, मुरते लाकडात."

आणि माझेच शब्द माझ्या कानांवर पडले.

सत्तावीस. चार तारखेला, सव्वीसनंतर आणि अठ्ठावीसच्या आधी, नाव न वाचता. सख्ख्या बहिणीच्या नावानं मी लिहून पाठवतोय की माझ्या भावाला ताबडतोब मारा.

पन्नास वर्षं बोललोय. आज नुसतं डब्याचं झाकण लावत-काढत बसलो. सू-चिननं आतून खुर्ची आणली, पाओ-चूला बसवलं, तिच्या हातात गरम पाण्याचा पेला दिला.

"वहिनी, मी भांडायला नाही आले," पाओ-चू म्हणाली. "त्यानं केलं ते केलंच. मेलेल्या माणसाच्या आईला मी दरवर्षी पत्र लिहिते, ती उत्तर देत नाही, तेही बरोबरच आहे. उद्या सरकारनं त्याला नेलं तर मी सरकारला शिव्या घालणार नाही. पण सर, मी सांगितलं नव्हतं हो. दर बुधवारी भेटायला जाते. काचेपलीकडून तो विचारतो, गल्लीत काय चाललंय ताई. या बुधवारी गेलेच नाही. काय सांगणार होते?"

मग मी जे विचारलं त्याची आत्ता लिहितानाही लाज वाटते. पण सवय. मी विचारलं, "त्या वेळी... त्याच्या मनात भीती आली नसेल का गं? शिक्षेची?"

तिला राग आला नाही. "मीही विचारलं होतं एकदा. म्हणाला, स्कूटर चालू होईल की नाही, एवढंच डोक्यात होतं."

ती गेल्यावर सू-चिन आत गेली. पेला धुऊन उपडा घातला.

१९ ऑक्टोबर, रविवार

सू-चिनला म्हटलं, "तू सांगितलं होतंस."

"मी सांगितलं नव्हतं. विचारलं होतं."

२० ऑक्टोबर, सोमवार

तू साहेबांच्या कचेरीत गेलो. म्हटलं, एक शिक्का चुकून पडलाय, काढायचा आहे. नंबर मी कागदावर लिहून दाखवला, मोठ्यानं बोललो नाही. त्यांनी वाचला आणि खिडकीबाहेर बघितलं. माणूस वाईट नाही.

"सर, पानं बांधून झालीत. त्रेसष्ट असं वर लिहिलंय. खोडायचं तर नावावर रेघ मारून त्याच रेघेवर त्याच माणसानं पुन्हा आपला शिक्का मारायचा. नियमच आहे तो. मग फलकावरची प्रतही बदलावी लागेल."

"म्हणजे सगळ्या गल्लीला दिसणार, रेघ कुणाच्या नावावर आहे ते."

"दिसणारच."

"पान नवं करा."

"नवीन करायचं तर पुन्हा त्रेसष्ट शिक्के. त्या वेळी तरी विचारून माराल ना?" असं म्हणून ते ओशाळले आणि त्यांनी मला सिगारेट पुढे केली. मी कधीच ओढत नाही, तरी घेतली. त्यांनीच पेटवून दिली.

दुपारी पाओ-चूला सांगायला मंडईत गेलो. दुकान उघडं होतं. ऐकून ती बरणी पुसत म्हणाली, "एकट्या माझ्या नावावर रेघ? मग राहू द्या सर. चौदा वर्षं कुणी काही बोललेलं नाही. त्या रेघेनं बोलायला लागतील."

आणि पुडी बांधून दिली. मुळ्याचं लोणचं, नेहमीपेक्षा जास्तच.

२२ ऑक्टोबर, बुधवार

भाषण फाडलं. नवीन लिहितोय.

एक गोष्ट स्वतःशी प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. जीव घेणाऱ्या माणसाला सरकारनं जीवानिशी मारावं की नाही, याचा निकाल मला लावता आलेला नाही. मेलेल्याच्या आईकडे बघतो तेव्हा एक वाटतं, पाओ-चूच्या बरणीकडे बघतो तेव्हा दुसरं. कुणी म्हणालं की ज्यानं जीव घेतला त्यानं जीव द्यावा, न्याय म्हणून, तर त्याच्याशी मी वाद घालीन, पण त्याला खोटारडा म्हणणार नाही. खोटं माझ्या वाक्यात आहे. 'पुढचा खुनी हात आवरेल, शंका नाही.' शंका नाही? दोन आठवडे गल्ली पालथी घातली. सुरी धारेला दिलेली, लसूण जळणारा, बरगड्या मागणारी वेई बाई, घरात असलेली आई, खुर्चीवर बसून बघणारी म्हातारी, यांनी हात आवरले. गोळीनं आवरलेला एक हात मला सापडला नाही. कुठेतरी असेलही. पण 'असेलही' या शब्दावर माणूस मारा म्हणायचं आणि खाली त्रेसष्ट घरांची नावं घालायची?

विचित्र गोष्ट अशी की हरल्यासारखं वाटत नाही. आयुष्यभर जिंकण्यासाठी बोललो. आज पहिल्यांदा, बोलायचं ते खरं आहे एवढ्यानंच बरं वाटतंय. संध्याकाळी पेंगदादांच्या गच्चीवर गेलो. लांबच्या शर्यतीला गेलेलं त्यांचं राखी कबूतर बेटाच्या उत्तर टोकावरून परत आलं. त्यांनी विचारलं, "मिळाला माणूस?" मी म्हटलं, "नाही." "मग चहा आपणच पिऊ." प्यायलो.

आज बुधवार. पाओ-चू पहाटेच्या गाडीनं भेटीला गेलीय, असं आ-हाय म्हणाला. त्यानं तिच्या पिशवीत स्वतः तळलेलं मांस घातलं. भावासाठी असं तो म्हणाला नाही, तिनंही विचारलं नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाषण सू-चिनला वाचून दाखवलं. तिनं दोन ठिकाणी खोडलं. "इथे तुम्ही स्वतःला फार वाईट म्हणवून घेताय. म्हणजे लोक म्हणतील, नाही नाही सर. टाळ्या घेण्याचीच रीत ही. काढा." काढलं. "आणि पाओ-चूचं नाव कुठेही नाही ना?" नाही. एका अक्षरानंही नाही. रेघ एकीच्या नावावर दिसली तर ती डाग ठरेल. त्रेसष्ट नावांवर दिसली तर कुणाचीच नाही. म्हणून सगळ्यांनाच बोलवायला हवं. हे कारण मात्र मी कधीच सांगणार नाही.

तू साहेबांना घरी बोलावून आधीच सांगितलं. मूळ पानं सभेला टेबलावर ठेवायला ते तयार आहेत. म्हणाले, "सर, मी राजधानीत रिकाम्या हातानं जाऊ?"

"जाऊ नका. रविवारी आमच्याकडे जेवायला या."

ते हसले. "वहिनींना विचारलंत का?"

आत जाऊन विचारून आलो. या म्हणाली.

२५ ऑक्टोबर, शनिवार. सभेआधी

स्वच्छ कॉपी वहीत उतरवून ठेवतो.

मिठागर गल्लीतल्या माझ्या शेजाऱ्यांनो! भीती आपल्या सगळ्यांची सारखी आहे, आणि ती खरी आहे. तिची थट्टा करायला मी उभा नाही. मी उभा आहे माझी एक चूक सांगायला. तुम्ही तुमचे शिक्के तांदळासाठी माझ्याकडे दिलेत. मी ते न विचारता एका माणसाच्या मरणाच्या मागणीखाली मारले. एका माणसाच्या नव्हे, अनेकांच्या. तुमच्यातल्या बहुतेकांनी विचारलं असतं तर होच म्हटलं असतं, हे मला ठाऊक आहे. पण मी विचारलं नाही. कुणाला तरी मारा असं म्हणण्याइतकं जड वाक्य जगात दुसरं नाही, आणि ते मी तुमच्या तोंडी घातलं, तुम्ही घरी झोपला असताना किंवा मंडईत असताना.

दुसरी चूक. त्या निवेदनात मी लिहिलं की या शिक्षांनी पुढचा खून टळेल, शंका नाही. मी शोध घेतला. मला फक्त शंकाच सापडली. माणसाचा हात थांबवणाऱ्या गोष्टी या गल्लीत भरपूर आहेत: दारात येणारं गिऱ्हाईक, घरातली आई, कोपऱ्यावर बसून बघणारे डोळे, ताबडतोब पकडला जाईन ही खात्री. त्या वाढवायच्या असतील तर मी तुमच्याबरोबर रोज पहाऱ्याला बसतो, माझी खुर्ची मी आणतो. पण लांबच्या तुरुंगातली, कित्येक वर्षांनी होणारी गोळी त्या क्षणी कुणाला आठवते, याचा पुरावा माझ्याकडे नाही. असता तर मी आज गर्जलो असतो, तुम्ही मला ओळखता.

ज्याला न्याय म्हणून देहदंड हवा आहे, त्यानं तसं स्वतः लिहावं, स्वतःच्या कारणासह, स्वतःच्या हातानं. मी त्याला कागद देईन, शुद्धलेखनही तपासून देईन. पण माझं हे निवेदन खोट्या खात्रीवर आणि उसन्या शिक्क्यांवर उभं आहे. ते जाता कामा नये.

पानं इथे टेबलावर आहेत. शिक्के या डब्यात आहेत. शेजारी शाई आहे. माझ्या नावावर मी आत्ता तुमच्यासमोर रेघ मारतोय आणि त्या रेघेवर शिक्का मारतोय. आता उठा. घरनंबराची वाट बघू नका, जो जवळ बसलाय त्यानं आधी यावं. डब्यातून आपला शिक्का उचला, ज्यांनी आधीच नेलाय त्यांनी खिशातून काढा, आपल्या नावावर आडवी रेघ मारा, तिच्यावर शिक्का दाबा, आणि तो शिक्का आपल्या घरी घेऊन जा.